परीक्षेसाठी हात समिती देईल

ऐन वैशाखातही साहेब पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि मनगटाची बटणं लावायचे. लोक म्हणत, संस्थानी शिस्त आहे. शिस्तबिस्त काही नव्हती. डाव्या बाहीखाली कोपरापासून मनगटापर्यंत हिरवट-निळे ठिपके होते, ज्वारी सांडावी तसे. इंदुरात ज्या ज्या बाईला गोंदण्याचा परवाना मिळाला, तिनं आपला परीक्षेचा ठिपका ह्या हातावर काढला होता. शर्ट त्यासाठी.

सगळे त्यांना साहेबच म्हणत, म्हणून मीही तेच लिहितो. संस्थान होतं तेव्हा ते आरोग्य खात्यात होते. संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला आणि मध्य प्रदेश झाला. प्रत्येक वेळी वरच्या लोकांनी काही जुनी खाती मोडली आणि काही विसरून टाकली. विसरलेल्यांत एक होती टोचणी-गोंदणी परवाना समिती. सोनारांना कान-नाक टोचायचा आणि बायांना गोंदायचा परवाना देणं एवढंच तिचं काम. समितीत तीन माणसं: सराफ्यातले एक शेठ, एक डॉक्टर आणि सचिव म्हणून साहेब. गोंदणारी बाई एकही नाही. हे मी तेव्हाही छापलं होतं, आज पुन्हा लिहितो. ज्यांच्या पोटावर समिती बसली होती, त्यांच्यातलं कुणी समितीवर बसलेलं नव्हतं.

मी परदेशीपुऱ्यात गिरणी कामगारांच्या एका मंडळासाठी पत्रकं लिहायचो. आमचे पणजोबा रिसाल्यात घोड्यावर होते, आजोबा पायी होते, वडील कचेरीत बसून होते. मी गिरणीच्या फाटकावर उभा राहून पत्रकं वाटायचो. साहेबांचे वडील आणि माझे आजोबा ओळखीचे, त्यामुळे मी समितीच्या विरोधात पहिल्यांदा बोंबा मारायला गेलो तेव्हा त्यांनी आधी मला बसवलं, पाणी दिलं आणि मग म्हणाले, "हं, आता ओरडा."

समितीचे नियम त्यांनीच संस्थानी अमलात लिहिले होते. त्यात एक वाक्य होतं: परीक्षेसाठी हात समिती देईल.

त्याच्यामागे त्यांचा एक विचार होता आणि तो सांगताना ते टेबलावर बोट आपटत. "परीक्षेला येणारी बाई गरीब. तिला म्हणायचं, गोंदून दाखव. कुणावर दाखवेल? आपल्या पोरीवर. पिकलं तर कुणाची पोर तापली? तिचीच. म्हणजे कायदा आमचा आणि पू तिच्या घरी. असं नाही चालणार, भिया." इंदुरात कुणीही कुणाला भिया म्हणतं.

मग हात समितीचा. शेठ म्हणाले, माझा हात तराजूचा आहे. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, माझा हात शस्त्रक्रियेचा आहे. साहेबांनी नुसती बाही वर केली. तेव्हापासून तोच हात.

परीक्षेची त्यांची रीत अशी होती. खोलीत एक चटई, एक स्पिरिटचा दिवा, एक पितळी वाटी. बाईनं आपल्या सुया आणायच्या, वाटीत उकळायच्या, हात साबणानं धुवायचे आणि साहेबांच्या हातावर एक ठिपका काढायचा. तिला ते 'आपण' म्हणत. मी त्या शहरात कुठल्याही कचेरीत गोंदणाऱ्या बाईला कुणी 'आपण' म्हटलेलं ऐकलं नव्हतं. बऱ्याच जणी घाबरून मागं बघत, साहेब आणखी कुणाशी तर बोलत नाहीत ना म्हणून.

ठिपका काढून झाला की निकाल नाही. खपली धरून ती आपोआप पडेपर्यंत थांबायचं. तोवर साहेब त्या हाताला काही लावत नसत. तेल नाही, हळद नाही, मलम नाही. खपली पडली आणि खाली कातडी साफ निघाली की पास. पिकलं की नापास. "निकाल मी देत नाही," ते म्हणत, "हात देतो." त्या दिवसांत ते डावी बाही दुमडलेली ठेवून कचेरीत बसत, आणि कुणी आलं की आधी ठिपका दाखवत. लोक जसं आपल्या नातवाचा फोटो दाखवतात तसं.

सोनारांनाही सूट नव्हती. त्यांच्या परीक्षेला साहेब कान देत. उजव्या कानाची पाळी इतक्यांदा टोचली गेली होती की आमचे एक कामगार साथी म्हणाले, "इनको तो तोरण बांध सकते हैं।" एकदा सराफ्यातल्या एका मोठ्या दुकानाच्या मालकानं निरोप पाठवला की आमची पेढी जुनी आहे, परीक्षेची काय गरज, परवाना घरी पाठवून द्यावा. साहेब स्वतः पेढीवर गेले. गाद्या, लोड, गिऱ्हाईक सगळं भरलेलं. साहेब गादीवर बसले, टोपी काढली आणि डोकं पुढे केलं.

"टोचा."

"साहेब, यहाँ? सबके सामने?"

"पेढी जुनी आहे ना? कान पण जुना आहे. टोचा."

मालकानं सगळ्यांदेखत टोचलं. भोक तिरकं पडलं. पिकलं नाही, म्हणून पास. तिरक्या भोकाबद्दल नियमात काही नाही, असं साहेबांचं म्हणणं.

नाक मात्र त्यांनी कधी दिलं नाही. मी कारण विचारलं. "काकूनं मनाई केली आहे," म्हणाले. काकू म्हणजे त्यांची बायको. छत्रीबागेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं, तिथं मी पुढे बऱ्याचदा गेलो. काकू बोलायला फटकळ. पोहे पुढे ठेवता ठेवता मला म्हणाल्या, "अरे, बायका नवऱ्याचं नाव गोंदून घेतात. इथं उलटं आहे. ह्यांच्या हातावर अख्ख्या शहराच्या बायका आहेत, एक मी सोडून."

"तुम्ही परवान्याचा अर्ज करा," साहेब पोह्यांत लिंबू पिळत म्हणाले.

आता जमनाबाईची गोष्ट. खरं म्हणजे साहेबांची गोष्ट तीच आहे, बाकीची सगळी गंमत.

जमनाबाई परदेशीपुऱ्यात हाटाच्या दिवशी गिरणीच्या भिंतीलगत पोतं अंथरून बसायची. वय चाळिशीचं, आवाज मोठा, हात हलका. नवरा गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होता. ती रुई छातीत बसून तो खोकत खोकत घरी बसला. घर जमनाबाईच्या सुईवर चालायचं. गोंदण्याचा हंगाम हिवाळ्याचा. थंडीत जखम लवकर सुकते आणि पुढे लग्नसराई असते, म्हणून पोरीबाळी तेव्हाच येतात. दिवाळीनंतर होळीपर्यंत जे हाती येईल त्यावर वर्ष. ह्यात तिचं गुपित काही नव्हतं, ती ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची.

इतकी वर्षं तिला कुणी परवाना विचारला नव्हता. मग भोपाळला कुणाला तरी ही विसरलेली समिती आठवली. नवे नियम आले. एक: परवान्याशिवाय हाटात कुणी बसायचं नाही, बसली तर शिपाई सामान उचलेल. दोन: परीक्षेत नापास झालेल्याला वर्षभर पुन्हा बसता येणार नाही. तीन: परवानाधारक जागेवर हजर असेल तर त्याच्या देखरेखीखाली मदतनीस बिनपरवाना काम करू शकेल. हे तिसरं कोणासाठी होतं ते उघड आहे. पेढीचा मालक एक परवाना काढणार आणि त्याचे कारागीर दिवसभर कान टोचणार. हाटात पोत्यावर बसणारीला मदतनीस कुठून येणार?

जमनाबाई मंडळाच्या खोलीवर आली आणि म्हणाली, "भिया, तू कागज छापे है नी? म्हारे वास्ते भी कागज बणई दे।"

मी तिला समितीकडे घेऊन गेलो. दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. समितीवर तेव्हा नवे डॉक्टर आले होते, तरुण, कॉलेजातून ताजे. त्यांनी जमनाबाईचं काजळ बघितलं. दिव्यावर धरलेलं, बोरूच्या नळीत भरलेलं. त्यांनी नाक मुरडलं. म्हणाले, "हे चालणार नाही. सीलबंद शाई पाहिजे."

सीलबंद शाई कचेरीत एकच होती, शिक्क्याच्या गादीसाठी आलेली. साहेबांनी बाटली हातात फिरवून बघितली, बुचावरचं लाखेचं सील बघितलं आणि मान डोलावली. सीलबंद म्हणजे शुद्ध, असा त्यांचा आयुष्यभराचा समज. सरकारी नोकरीत तो होतोच.

जमनाबाई म्हणाली, "साब, यो तो ठप्पा लगाने को है।"

"आपण सुरू करा बाई," साहेब म्हणाले.

तिनं सुया उकळल्या, हात धुतले, त्या जांभळ्या शाईत सुई बुडवून एक ठिपका काढला. साहेबांनी कौतुकानं मान हलवली, हात खरंच हलका होता. दुसऱ्या दिवशी ठिपक्याभोवती लाल झालं. नंतर सूज आली. नंतर मनगट वळेना.

मी पत्रक काढलं. ते मला अजून पाठ आहे. 'शाई कुणाची? समितीची! हात कुणाचा? समितीचा! मग नापास कोण होणार? जमनाबाई!' खाली तीन मुद्दे. पहिला, सचिव हा जुन्या राजवटीचा उरलेला हुकूमशहा आहे. दुसरा, समितीवर एकही गोंदणारी नाही. तिसरा, मदतनिसाचं कलम म्हणजे श्रीमंतांसाठी उघडा ठेवलेला मागचा दरवाजा आहे, त्यातून गरीब बाई कधी आत आली आहे का?

पत्रक गिरणीच्या फाटकावर वाटलं, सराफ्यात वाटलं. दुपारी साहेब स्वतः मंडळाच्या खोलीवर आले. सुजलेला हात उपरण्यानं गळ्यात बांधलेला. मला वाटलं, भांडायला आले.

"आणखी प्रती आहेत?"

"कशाला?"

"डॉक्टरांना आणि शेठजींना द्यायच्या आहेत. ते वाटलेलं घेत नाहीत." मग बसले. "तुमचा दुसरा मुद्दा बरोबर आहे. पहिला चूक. हुकूमशहाला हात सुजवून घ्यावा लागत नाही. तिसरा मी अजून नीट वाचला नाही."

त्यांनी चार-पाच प्रती घेतल्या. एक कचेरीच्या दारावर खळ लावून चिकटवली. ती पुढे पुष्कळ दिवस तिथं होती, काढायचा हुकूम कुणी दिला नाही म्हणून.

हाताचं मात्र बिघडत चाललं. ताप येऊ लागला. डॉक्टर छत्रीबागेत घरी आले, हात बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, आज चीर देऊन साफ करू द्या. विष वर चढलं तर हात काढावा लागेल."

"खपली पडू द्या."

"खपली कसली बघता? पू झाला आहे!"

"पुष्कळ वेळा आधी लाल होतं आणि मग निवतं. मी बघितलं आहे. औषध लावलं की परीक्षा संपली. पिकलं म्हणून नापास लिहावं लागेल. वर्षभर बाई घरी बसेल."

काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "आणि तुमचा हात गेला म्हणजे ती पास होईल का?"

साहेबांनी हात उपरण्यात सरकवला.

मी तिथंच होतो. मला राग आला होता, तो कोणावर होता ते सांगणं अवघड. मी म्हणालो, "नियम तुमच्याच हातचे. बदला की! लिहा, शाई खराब होती, परीक्षा रद्द."

"माझे होते तोवर होते. आता भोपाळचे आहेत. बदलायला भोपाळ लागतं. पाळायला मी पुरतो."

असला माणूस. अशा माणसाशी भांडता येत नाही आणि त्याच्याशी सहमतही होता येत नाही.

मी परदेशीपुऱ्यात जाऊन जमनाबाईला सगळं सांगितलं. तिला तोवर एवढंच माहीत होतं की हात सुजला आहे आणि निकाल लागायचा आहे. तिनं ऐकून घेतलं, डोक्यावरचा पदर ओढला आणि माझ्याबरोबर निघाली.

साहेब खाटेवर पडले होते, डॉक्टर अजून तिथंच थांबलेले. ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. काकूंनी आत बोलावलं, तरी नाही आली. तिथूनच म्हणाली, "साब, म्हने फेल करी दो।"

साहेब उठून बसायला लागले. "बाई, अजून वेळ आहे. आपण काळजी..."

"टेम नी है। म्हने दिखे है। फेल करी दो, ने यो हाथ धोई लो।"

"हंगाम जाईल आपला."

"जाएगो। थांको हाथ जाएगो तो फेर कायपे परीच्छा लोगा?"

ती मालवीत बोलली, पण अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला. हंगाम गेला तरी चालेल, हात गेला तर पुढची परीक्षा कशावर घेणार? साहेबांनी काकूंकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. मग म्हणाले, "कागद आणा." उजव्या हातानं लिहिलं: उमेदवार अनुत्तीर्ण. सही केली. तारीख घातली. आणि डावा हात डॉक्टरांपुढे धरला.

जमनाबाई तोवर निघून गेली होती.

हात वाचला. तर्जनी पुढे नीट वळत नसे, एवढंच. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी स्वतः ठराव मांडला की शिक्क्याची शाई परीक्षेला वापरू नये, उमेदवाराचं काजळ तपासून चालवावं. एकमतानं मंजूर. म्हणजे शाई वाईट होती हे समितीनं लिहून मान्य केलं, आणि त्या शाईनं नापास झालेली नापासच राहिली. ह्याला राज्यकारभार म्हणतात. मी दुसरं पत्रक लिहायला घेतलं होतं.

ते अर्ध्यावर असताना साहेबांनी मला बोलावणं पाठवलं.

"या पत्रकवाले. तुमचा तिसरा मुद्दा वाचला." माझं पत्रक त्यांनी पुढे पसरलं होतं. "मागच्या दरवाज्यातून गरीब बाई कधी आत आली आहे का, असं विचारलं आहे तुम्ही. नाही आली. का नाही आली?"

"कारण तिला परवानाधारक कोण भेटणार? दुसऱ्या बायांना आपापले हाट आहेत. एका पोत्यावर दोघी बसल्या तर दोघीही उपाशी."

"बरोबर. म्हणजे असा परवानाधारक पाहिजे ज्याला गिऱ्हाईक नको." त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. समितीच्या सचिवपदाचा राजीनामा होता. "परीक्षा देणारा परीक्षक राहू शकत नाही," ते म्हणाले.

मला समजायला थोडा वेळ लागला. काकूंना आधीच समजलं होतं. आतून आवाज आला, "म्हातारपणी गोंदायला शिकताहेत! उद्या बांगड्या भरायला बसतील!"

ती समिती सोडली तर साहेबांजवळ दुसरं काही नव्हतं. मूल नाही, शेत नाही, कुठल्या मंडळाचं अध्यक्षपद नाही. सकाळी कोट घालून जायला एक खोली होती, तीही गेली. मी हे भावुक होऊन लिहीत नाही. होतं ते लिहितो.

शिकवायला जमनाबाईच आली. अंगणात बसून आठवडाभर त्यांनी केळीच्या सालीवर ठिपके काढले. "साब, सीधी नी, तिरछी पकड़ो। अरे, खुरपी है कई?" साहेब मान खाली घालून ऐकत. तिला अजूनही 'आपण' म्हणत आणि ती अजूनही मागं बघे.

परीक्षेच्या दिवशी साहेब उमेदवाराच्या चटईवर बसले. समोर खुर्चीवर शेठ आणि डॉक्टर. सचिवाच्या खुर्चीवर त्यांच्याच हाताखालचा कारकून, अर्धा उभा, अर्धा बसलेला. सुया उकळल्या, काजळ तपासलं. मग प्रश्न आला, हात कुणाचा?

नियम होता तोच होता. परीक्षेसाठी हात समिती देईल. शेठजींनी अंगठ्या चाचपल्या. डॉक्टर छताकडे बघू लागले. कारकुनानं घाम पुसला. साहेब सुई धरून शांत बसले होते. त्यांनी कुणाला आठवण करून दिली नाही, टोमणा मारला नाही.

मी कोपऱ्यात उभा होतो. म्हणालो, "समिती एखाद्या नागरिकाचा हात घेऊ शकते का?"

"घेऊ शकते, घेऊ शकते!" तिघं एकदम म्हणाले. समितीत एवढं एकमत मी पुन्हा बघितलं नाही.

गोंदून घेताना दुखतं. लोक सांगतात तसं मुंगी चावल्यासारखं मुळीच नसतं. त्यात साहेबांची डावी तर्जनी वळत नव्हती, त्यामुळे माझी कातडी ताणून धरता येत नव्हती, जीभ दातांत धरलेली, चष्मा नाकावरून घसरत होता. दाराबाहेरून जमनाबाई दबक्या आवाजात ओरडत होती, "हलके! हलके!" एका ठिपक्याला त्यांनी इतका वेळ घेतला की शेठजी पेंगले. ठिपका म्हणून जे झालं ते लांबट आहे, मसुराच्या डाळीसारखं. पण पिकलं नाही. खपली पडेपर्यंत ते रोज माझ्या खोलीवर येऊन हात बघून जात, आणि मी औषध तर लावत नाही ना, म्हणून हाताचा वासही घेत.

त्या हिवाळ्यात परदेशीपुऱ्याच्या हाटात लोकांनी जे बघितलं ते असं. गिरणीच्या भिंतीलगत पोत्यावर जमनाबाई, पुढे गिऱ्हाईक, आणि शेजारी घडीच्या खुर्चीवर कोट-टोपी घातलेले साहेब, हातात छत्री. ते देखरेख करत. देखरेख म्हणजे नियमात लिहिली होती तशी. जेवायला उठत नसत, काकू डबा पाठवत. लघवीला जायचं तर जमनाबाईला सुई खाली ठेवायला लावत, तेवढा वेळ गिऱ्हाइकाला थांबावं लागे.

"बाई, ये कोन बैठा है?" एका नवऱ्या मुलीच्या आईनं विचारलं.

"म्हारा उस्ताद है।"

"इनसे नी करवाना!"

"अरे, ये नी करे। ये तो बस देखे है।"

एकदा हाटात तपासणीला त्यांचा तो जुना कारकून आला. साहेबांना बघून त्यानं सवयीनं नमस्कार केला आणि पुढे निघाला. साहेबांनी छत्रीच्या दांड्यानं त्याला अडवलं.

"तपासा."

"साहेब, आपलं काय तपासायचं..."

"साहेब घरी. इथं परवानाधारक आहे आणि मदतनीस आहे. परवाना मागा. सुया उकळल्या की नाही विचारा. नाहीतर मी तुमची तक्रार करीन."

बिचाऱ्यानं परवाना मागितला, सुया विचारल्या, वाटीत बोट घालून बघितलं आणि भाजलं. साहेब म्हणाले, "बरोबर."

होळीपर्यंत जमनाबाईचा हंगाम झाला. घर चाललं. नवरा खोकत होता तो खोकतच होता, त्याला ना समितीकडे काही होतं ना माझ्या मंडळाकडे.

वर्ष सरलं आणि ती पुन्हा परीक्षेला बसली. साहेबांनी राजीनामा दिल्यावर समितीत हात देणारं कुणी उरलं नव्हतं, आणि नागरिकही सारखे कुठून आणायचे? शेवटी डॉक्टर आणि शेठ ह्यांनी तोड काढली. परीक्षा लौकीवर घ्यायची. लौकी म्हणजे भाजीतला दुधी भोपळा, तोच. तिच्यावर ठिपका काढायचा आणि ठिपका दिसला की पास. लौकीला सूज येत नाही, ताप येत नाही, त्यामुळे त्या वर्षापासून कुणी नापास झालं नाही. हे ऐकून साहेब इतके संतापले की त्यांनी मला स्वतः येऊन सांगितलं, "पत्रक काढा. कडक काढा. खर्चाला मी आहे." ते मी काढलं. कुणी दारावर चिकटवलं नाही.

जमनाबाई लौकीवर पास झाली.

पुढच्या हाटाच्या दिवशी साहेब खुर्ची घेऊन निघाले नाहीत. त्याऐवजी कचेरीत गेले आणि आपला परवाना टेबलावर ठेवला. मदतनीस नाही तर परवाना कशाला, म्हणाले. परवाना परत घ्यायची सोय कुठल्याच नियमात नव्हती. मिळालेला परवाना आजवर कुणी परत केला नव्हता. कारकून म्हणाला, ठेवा जवळ साहेब, राहू द्या. ते तसाच टेबलावर ठेवून घरी गेले.

मी हाटात होतो. पत्रकांचा गठ्ठा घेऊन भिंतीच्या टोकाला उभा. जमनाबाई पोतं अंथरून बसली होती. शेजारची जागा रिकामी बघून हाटाचा शिपाई आला, काठीनं पोत्याचं टोक उचललं आणि म्हणाला, "ए बाई, वो बुड्ढे साब किधर हैं? आज किसके नीचे काम कर रही है?"

एका पोरीचा हात तिच्या मांडीवर होता, सुई टेकलेली. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या हातानं चोळीतून परवाना काढून त्याच्यापुढे धरला.

"किणी के नीचे नी। पढ़ ले, ने पछे बाजू हट। उजाला के आडो आवे है।"

शिपायानं कागद वाचला आणि तिच्या उजेडातून बाजूला झाला.